कॅरमेलची वडी: सगळा खेळ उरलेल्या पाण्याचा

कॅरमेलची वडी दाताखाली मऊ दबेल, चिवट लागेल की कट्‌कन मोडेल, हे तिच्यात किती पाणी उरलंय यावर ठरतं. साखर तीच, क्रीम तेच, बटर तेच. गॅस थोडा आधी बंद झाला तर चमच्याने खायचा सॉस होतो, थोडा उशिरा झाला तर दाढेला त्रास देणारी गोळी होते. भाऊबीजेला भावाच्या हातात घरी केलेल्या कॅरमेलचा डबा ठेवायचा असेल, तर साहित्य जमवण्याआधी हे पाणी मोजायचं कसं ते समजून घ्यावं. ते जमलं की आजीसाठी मऊ, भावासाठी चिवट आणि परगावी पाठवायला घट्ट, अशी हवी तशी वडी एकाच साहित्यातून निघते.

साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि कितीही वेळ उकळलं तरी तिथेच राहतं. त्यात साखर विरघळली की उत्कलनबिंदू वर सरकतो. वजनाने ५० टक्के साखर असलेला पाक साधारण १०२ अंशांना उकळतो, ८० टक्क्यांचा ११२ ला, ९० टक्क्यांचा १२३ ला. म्हणजे उकळत्या पाकात बुडवलेला थर्मामीटर आपल्याला खरं तर पाण्याचा हिशोब सांगत असतो. ११२ ते १२३ या टप्प्यात एक अंश चढला, की जवळजवळ एक टक्का पाणी उडालं असं समजा. मऊ कॅरमेल नेमकं याच टप्प्यात तयार होतं, म्हणून इथे एकेक अंशाला किंमत आहे.

आपल्याकडे हेच मोजमाप थर्मामीटर नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक ही पाण्याच्या प्रमाणाचीच नावं आहेत. वाटीभर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकला आणि बोटांत त्याची मऊ, दाबली की चपटी होणारी गोळी वळता आली, की झाला गोळीबंद. कॅरमेलला हाच गोळीबंद पाक लागतो. ही जुनी परीक्षा एका बाबतीत थर्मामीटरपेक्षा सरस आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू जवळपास एक अंशाने उतरतो. पुण्यात, म्हणजे सुमारे ५६० मीटरवर, पाणी ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वरला ९५-९६ लाच. तिथे कॅरमेलसाठी पुस्तकात दिलेला ११८ चा आकडा गाठेपर्यंत पाक शिजवला तर पाणी ठरल्यापेक्षा जास्त उडतं आणि वडी दगड होते. वाटीतली गोळी मात्र थेट घट्टपणा दाखवते. ती मुंबईत आणि महाबळेश्वरला सारखीच वागते.

थर्मामीटर वापरायचाच असेल, आणि तो वापरावाच, तर आधी तो खळखळ उकळत्या पाण्यात धरून बघा. ९८ दाखवत असेल तर शेवटचा आकडा दोन अंशांनी कमी धरायचा: ११८ ऐवजी ११६. गावाची उंची आणि उपकरणाची चूक, दोन्ही एकाच वजाबाकीत निघून जातात. २०० अंशांपर्यंत मोजणारा, टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. सळईचं टोक पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका, नाहीतर पाकाऐवजी धातूचं तापमान वाचाल.

आता रंगाची गोष्ट. साखर, क्रीम, बटर सगळं एकदम पातेल्यात घालून ११८ पर्यंत आटवलं तरी तपकिरी, खमंग वडी मिळते. पण त्यात साखर जवळजवळ कॅरमेल झालेलीच नसते. साखरेचं खरं कॅरमेल व्हायला १६० अंशांच्या वर जावं लागतं. तिथे साखरेचे रेणू मोडतात, त्यांचे तुकडे एकमेकांशी जोडले जातात आणि शेकडो नवी संयुगं तयार होतात: काही कडवट, काही आंबूस, काही लोण्याच्या वासाची. एकदम आटवलेल्या वडीचा रंग दुसऱ्याच प्रक्रियेतून येतो. दुधातली प्रथिनं आणि लॅक्टोज, ग्लुकोज यांसारख्या शर्करा एकत्र तापल्या की त्यांच्यात जी साखळी सुरू होते, तिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केलं. खरपूस भाकरी, आटवलेली बासुंदी, भाजलेला खवा यांचा रंग आणि वास या मायार प्रक्रियेचाच. ती पाणी उकळण्याच्या तापमानाच्या आसपासही बऱ्यापैकी चालते.

दोन्ही चवी एका वडीत हव्या असतील तर काम दोन टप्प्यांत करावं: आधी नुसत्या साखरेचं कॅरमेल, मग त्यात क्रीम. मेहनत थोडी वाढते, पण चवीत पडणारा फरक पाहता आमचं मत ठामपणे याच पद्धतीच्या बाजूने आहे.

साहित्य आणि कृती

सुमारे साडेचारशे ग्रॅम, म्हणजे पन्नासेक वड्यांसाठी: साखर २०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम, पाणी ६० मिली, फ्रेश क्रीम २५० मिली, बिनमिठाचं बटर ७५ ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा. दुकानातलं टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं असतं. परदेशी कृतींमध्ये ३५ टक्क्यांच्या वरचं क्रीम धरलेलं असतं, म्हणून इथे बटर वाढवलंय. नेहमीचं पिवळं, खारं बटर घेतलंत तर वेगळं मीठ घालू नका.

लिक्विड ग्लुकोज म्हणजे केकचं सामान मिळतं तिथला काचेसारखा घट्ट, चिकट पाक. त्याच्याऐवजी ग्लुकोजची पावडर चालत नाही, कारण ती स्वतःच स्फटिक धरते. लिक्विड ग्लुकोज स्टार्च तोडून करतात, त्यामुळे त्यात शर्करेच्या लांबट साखळ्या असतात. त्या साखरेच्या रेणूंमध्ये अडसर होऊन बसतात आणि त्यांना ओळीने रचू देत नाहीत. हा अडसर नसेल तर वडी चार दिवसांत रवाळ होते. संक्रांतीच्या काटेरी हलव्यात आपण पाक थोडा थोडा घालत, बोटांनी दाणे फिरवत, साखरेचे काटे मुद्दाम उभे करतो. कॅरमेलमध्ये त्याच स्फटिकांना शेवटपर्यंत जन्मू द्यायचं नसतं. ग्लुकोज नसेल तर मध चालतो, पण त्यातलं फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच रंग धरू लागतं. म्हणून आच कमी ठेवावी लागते आणि मधाची चव राहतेच. स्फटिक धरू नयेत म्हणून लिंबाचा रस पिळून साखर फोडायची युक्ती नुसत्या पाकाला चांगली. इथे पुढे क्रीम येणार आहे आणि ते फाटू शकतं. गुळाचा चहा फाटतो, तेच कारण. गुळाचं कॅरमेल करायचं असेल तर क्रीममध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा घालून आम्लता मारावी.

पातेलं जाड बुडाचं, स्टीलचं आणि तीन लिटरचं घ्या. साहित्याच्या मानाने ते फार मोठं वाटेल, पण क्रीम पडल्यावर फेस तिप्पट-चौपट चढतो. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही, आणि इथे डोळ्यांचं काम मोठं आहे. सहा इंची चौकोनी डब्याला आतून तूप लावून बेकिंगचा पार्चमेंट पेपर घालून ठेवा. साधा पातळ बटर पेपर कॅरमेलला असा चिकटतो की वडीबरोबर कागदही खावा लागेल.

एका गॅसवर क्रीम, बटर आणि मीठ वाफ येईपर्यंत गरम करून झाकून ठेवा. दुसऱ्यावर साखर, ग्लुकोज आणि पाणी मंद आचेवर ढवळा. साखर पूर्ण विरघळली, की ढवळणं बंद. पातेल्याच्या कडेला उडालेले थेंब सुकून तिथे स्फटिक धरतात आणि त्यातला एक जरी पाकात पडला तरी सगळी साखर त्याच्याभोवती गोळा होते. ओल्या ब्रशने कडा पुसून घ्या, किंवा उकळी आल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा, म्हणजे वाफेचं पाणीच कडा धुऊन काढतं.

मग मध्यम आच. सुरुवातीचे बुडबुडे मोठे आणि चपळ असतात. पाणी उडतं तसे ते लहान, दाट आणि संथ होतात, खळखळ आवाज मंदावतो. १५० च्या पुढे कडेला फिकट पिवळी छटा दिसते. इथून पुढे पातेल्यापासून हलू नका, फोन वाजला तरी वाजू द्या. पातेलं धरून हलकं गोल फिरवा, म्हणजे रंग सारखा होतो. मधाचा रंग आला, मग ताज्या पिवळ्या गुळाचा, मग कोऱ्या चहाचा. १७० च्या आसपास, कोऱ्या चहाचा रंग दिसला आणि गोड वासात किंचित कडवट धार आली, की गॅस बंद. पातेल्याचा तापच आणखी पाच-सात अंश चढवतो. धूर दिसला तर उशीर झाला. करपलेला पाक कशानेच सुधारत नाही, तो टाकून पुन्हा सुरुवात करावी.

गरम क्रीम तीन-चार हप्त्यांत ओता. फस्‌कन फेस वर येईल, वाफेचा लोट उठेल. म्हणून हात लांब दांड्याच्या कलथ्यावर हवा आणि लहान मुलं स्वयंपाकघराबाहेर हवीत. १७० अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो कातडीला चिकटून राहतो. अंगावर उडालाच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका.

क्रीम मिसळलं की तापमान झपकन उतरतं. मंद ते मध्यम आचेवर, सपाट कलथ्याने तळ खरवडत ढवळत राहा. दुधाची प्रथिनं खाली लागतात, आणि एकदा लागली की काळे ठिपके वर येतात. दहा-पंधरा मिनिटांत मिश्रण दाटतं आणि पिठल्यासारखं रटरटायला लागतं. आजीसाठी ११६ ला थांबा, भावासाठी ११८ ला. कोकण-मुंबईच्या उकाड्यात किंवा पार्सलसाठी १२० ते १२१. खात्रीला थंड पाण्यात गोळी वळून बघा. गॅस बंद करून इसेन्स घाला आणि लगेच डब्यात ओता. ओतताना पातेलं खरवडू नका, कडेचे स्फटिक तिथेच राहू द्या.

बिघडलं तर

करपणं सोडलं तर कॅरमेलचं जवळपास काहीही दुरुस्त होतं, कारण सगळा हिशोब पाण्याचा आहे. वडी मऊ झाली? दोन चमचे पाणी घालून वितळवा आणि दोन अंश वर न्या. कडक झाली? थोडं जास्त पाणी घाला, वितळवा, दोन अंश आधी थांबा. रवाळ झाली? १०० मिली पाणी घालून शेवटचा कण विरघळेपर्यंत मंद तापवा आणि पुन्हा आटवा.

तूप सुटलं तर घाबरू नका. कॅरमेल म्हणजे घट्ट पाकात अडकलेले स्निग्धांशाचे बारीक थेंब, आणि त्यांना धरून ठेवतात दुधाची प्रथिनं. आच एकदम वाढवली, किंवा पाणी फार आटलं, की ही पकड सुटते आणि थेंब एकत्र येतात. पातेलं उतरवा, एक-दोन चमचे कढत पाणी घाला आणि जोरात फेटा. थेंब पुन्हा विखुरतात. मग मंद आचेवर तापमान परत गाठा.

डबा ओट्यावरच तीन-चार तास निवू द्या. कापताना मोठ्या सुरीला तेलाचा हात लावा आणि सुरी करवतीसारखी न चालवता सरळ खाली दाबा. दीड सेंटिमीटर बाय तीन सेंटिमीटरच्या वड्या पाडा आणि त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, एकेक वडी पार्चमेंटच्या तुकड्यात गुंडाळून दोन्ही टोकं पिळा. घाई यासाठी, की कॅरमेल हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेची आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की वडीचा पृष्ठभाग ओलावतो, चिकट होतो आणि पुढे तिथूनच रवाळपणा सुरू होतो. श्रावणात मुंबईत आर्द्रता ऐंशीच्या वरही असते, त्यामुळे राखीपौर्णिमेला केलेलं कॅरमेल सांभाळणं अवघड जातं. दिवाळीपर्यंत पाऊस सरतो, हवा कोरडी होऊ लागते. भाऊबीज या वडीला मानवते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढताच गार वडीवर दव धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, खोलीतच, दोन आठवडे छान राहतात.

डबा देताना दोन गोष्टी सांगून ठेवा: चार वर्षांखालच्या मुलांना ही वडी देऊ नये, घशात अडकू शकते, आणि कवळी असलेल्यांनी छोटा तुकडा तोंडात विरघळू द्यावा, चावू नये.

पातेल्याला लागलेलं कॅरमेल घासत बसायची गरज नाही. त्यात पेलाभर दूध ओतून मंद आचेवर ठेवा. पाच मिनिटांत कडा स्वच्छ होतात, आणि त्या दुधात कॉफी घातली की ती वड्या पाडणाऱ्याच्या वाट्याची.