इंग्रजी शोधलेखनातील व्याकरणदोष

इंग्रजी मातृभाषा नसलेले विद्यार्थी शोधनिबंध किंवा प्रबंध लिहिताना ज्या चुका वारंवार करतात, त्यांचा अभ्यास उपयोजित भाषाविज्ञानात होतो. मातृभाषेशी तुलना केली की अवघड जागा आधीच ओळखता येतात, असे भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये मांडले. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये घाईतली चूक आणि मनात नियमच वेगळा बसल्याने होणारी चूक यांत फरक केला. दुसऱ्या प्रकारची चूक अज्ञान म्हणून झटकून टाकता येत नाही. शिकणारा कुठवर पोचला, हे तीच सांगते.

मराठीभाषकांच्या लेखनात मातृभाषेच्या प्रभावाचा चांगला नमुना काळाच्या वापरात सापडतो. ‘त्यांनी १९९५ साली सर्वेक्षण केले आहे’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. त्याच वळणाने इंग्रजीत ‘हॅव कंडक्टेड’ लिहून पुढे ‘इन १९९५’ जोडले की वाक्य चुकते. साल आले की तिथे साधा भूतकाळ लागतो. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात सालांची रीघ असल्याने ही चूक तिथे हमखास डोकावते. ‘-वर भर देणे’मुळे ‘एम्फसाइझ ऑन’ आणि ‘-विषयी चर्चा करणे’मुळे ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते; इंग्रजीत तिथे ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ लागत नाही. मराठीत ‘द’सारखे उपपद नसल्याने ते गळते, किंवा सावधगिरीपोटी ‘द सोसायटी’ असे नको तिथे येते. रशियन व जपानी भाषकांनाही उपपदे अशीच छळतात.

मात्र सगळे खापर मातृभाषेवर फोडणे अन्यायाचे आहे. ‘द रिझल्ट्स ऑफ धिस टेस्ट शोज’मध्ये ‘शो’ हवे असताना क्रियापद जवळच्या एकवचनी नामाकडे ओढले जाते; जन्मापासून इंग्रजी बोलणारेही तिथे घसरतात.

चुका दुरुस्त करून द्याव्यात का, यावर मोठा वाद झाला. संशोधक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये लेखनवर्गातील व्याकरणदुरुस्ती निरुपयोगी, किंबहुना अपायकारक ठरवली. लेखन-अध्यापनाच्या अभ्यासक डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिले. नियमात बसणाऱ्या चुका दाखवून दिल्यास विद्यार्थी स्वतः सुधारू शकतो, पण चुकीच्या शब्दयोजनेला तसा नियम नसतो, असा भेद त्यांनी केला. तो पटण्यासारखा आहे. त्यानुसार ‘हॅव कंडक्टेड’खाली मार्गदर्शकाने नुसती रेघ ओढली तरी पुरते, ‘एम्फसाइझ ऑन’ची दुरुस्ती मात्र लिहूनच द्यावी लागते.