बीडची पिशवी, उस्मानाबादची चाचणी

जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा सांगितला : तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या तेरा हजारांहून जास्त जणींची ‘पिशवी काढलेली’ निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

तेव्हा बातम्यांत मुकादम आला, उचल आली, खाडा आला. ते सगळं खरंच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एका दिवसाचा खाडा पडला तर पाचशे रुपये कापले जातात, हेही तेव्हा छापून आलं. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. अशा बाईला पोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं. ती दवाखान्यात जाते. तिथे तिला जे सांगितलं जायचं, त्याकडे मात्र कमी लक्ष गेलं. पिशवीला सूज आहे, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. पण ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा कानावर पडला की बाई दुसऱ्या डॉक्टरकडे जात नाही, सावकाराकडे जाते.

म्हणून या प्रकरणाची पार्श्वभूमी शोधायची तर ती उसाच्या फडात जितकी सापडते, तितकीच शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची भीती घालवायची कशी, याचं उत्तर तिथे दहा वर्षं आधीच मिळालं होतं, आणि तेही साऱ्या जगाला.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात मोडते, पण उस्मानाबादेतल्या परंडा-भूमच्या माणसाला दवाखान्यासाठी बार्शीच जवळची. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलच्या साथीने १९८७ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात केली. बार्शी, परंडा, भूम हे तीन तालुके त्यात होते. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. शहरात दवाखान्यांचे कागद गोळा केले की काम भागतं. इथे कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन बसावं लागलं, बोलावं लागलं. माझ्या मते पुढच्या अभ्यासाचा खरा पाया हाच, कारण अनोळखी माणसाला कुठलीही बाई आतली तपासणी करू देत नाही.

तो अभ्यास ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुरू झाला. बार्शी, टाटा आणि फ्रान्समधल्या लिऑन इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका भागात हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी काचेवर घेऊन तपासणं, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ अॅसिटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात फक्त माहिती दिली, तपासणी नाही. ज्या भागांत तपासणी होती, तिथे दहातल्या जवळपास आठ जणी तपासून गेल्या. लाजाळू, अडाणी, बायका पुढे येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हे प्रमाण लक्षात ठेवावं.

निकाल एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आठ वर्षांत, तपासणी नसलेल्या भागात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. बाकी दोन पद्धतींत असा ठळक फरक दिसला नाही. पॅपची काच वाचणाऱ्याची नजर पक्की लागते, व्हिनेगरची चाचणी तर सगळी नजरेवरच. विषाणूची चाचणी यंत्र करतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे : पॅप किंवा व्हिनेगरमध्ये ‘काही नाही’ म्हणून घरी गेलेल्या बायकांत नंतर कॅन्सर निघण्याचं प्रमाण, एचपीव्हीत ‘काही नाही’ निघालेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं. म्हणजे ‘बाई, तुला भीती नाही’ हे खात्रीने सांगणारी चाचणी कोणती, ते कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही चाचणीच पहिली धरली. त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादचं वजन मोठं आहे.

या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. तपासणीचा फायदा होतो हे इतर देशांत माहीत असताना ३१ हजारांहून जास्त बायकांना तपासणीविना का ठेवलं? सरकारी दवाखान्यात तेव्हा तसंही काही मिळत नव्हतं, असं उत्तर दिलं गेलं. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. त्या ६४ जणींमुळेच बाकीचा आकडा वाचता येतो, हे मात्र विसरून चालणार नाही.

बार्शीच्या वाट्याला अजून एक गोष्ट आली, तीही अपघाताने. २००९ मध्ये एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास देशातल्या काही केंद्रांवर सुरू झाला. बार्शी त्यातलं एक. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. आंध्र आणि गुजरातमधल्या वेगळ्याच एका प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते. ते लशीमुळे नव्हते, असं पुढे आढळलं. पण तोवर सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला होता. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. २०२१ मध्ये दिसलं, की १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून त्या एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली.

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ ला राज्यांना गरज नसताना पिशवी काढणं रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. हे सगळं शस्त्रक्रियेवर पहारा ठेवण्याचं काम. चाचणीचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, या कॅन्सरची तपासणी एकदा तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बायका देशभरात १.९ टक्के होत्या.