पार्श्वभूमी : व्हीव्हीपॅटची चिठ्ठी आली कुठून?

मतदान यंत्रावर अविश्वास म्हटलं की आपल्याकडे हरलेला उमेदवार आठवतो. पण यंत्राला कागद जोडा, म्हणजे मत कुणाला गेलं ते चिठ्ठीवर छापा (आपल्याकडे तेच व्हीव्हीपॅट), हा हट्ट ज्यांनी नेटाने लावून धरला ते संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि तेही अमेरिकेतले.

फ्लोरिडात २००० साली ५३७ मतांवर अध्यक्ष ठरला. अर्धवट फाटलेली पंचकार्डं (छिद्र पाडून मत द्यायची कार्डं) उजेडात धरून बघणारे अधिकारी जगाने टीव्हीवर पाहिले. २००२ मध्ये मतदान सुधारण्यासाठी कायदा झाला, सरकारी पैसा आला आणि राज्यं टचस्क्रीनवरच्या मतदान यंत्रांच्या मागे लागली. जॉर्जियाने तर त्याच वर्षी अख्खं राज्य त्यावर नेलं.

पुढच्याच वर्षी एका बड्या कंपनीच्या यंत्राचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला. चौघा संशोधकांनी तो वाचून काढला. मतांच्या नोंदी ज्या एन्क्रिप्शन-कीने (गुप्त सांकेतिक किल्लीने) झाकायच्या, ती कोडमध्येच लिहिलेली होती : एफ२६५४एचडी४. सगळ्या यंत्रांना एकच. कंपनी म्हणाली, कोड जुना आहे. पण आयोवातल्या एका प्राध्यापकाने राज्यासाठी यंत्र तपासताना १९९७ च्या सुमारासच हा दोष दाखवला होता. तपासणी बंद दाराआड झाली, त्यामुळे बाहेर कळलं नाही आणि दोष तसाच राहिला. या साऱ्या प्रकरणात मला हाच तपशील सर्वांत बोलका वाटतो. २००६ मध्ये आणखी एका विद्यापीठाने दाखवलं की त्याच कंपनीच्या यंत्राचं झाकण हॉटेलातल्या मिनीबारच्या चावीनेही उघडतं.

त्याच वर्षी एक संज्ञा मांडली गेली : सॉफ्टवेअर-निरपेक्षता. सॉफ्टवेअरमधली न सापडलेली चूक किंवा बदल, निकालात न सापडणारा बदल घडवू शकता कामा नये. यंत्र निर्दोष हवं, अशी अट यात कुठेच नाही. म्हणून ‘घोटाळा झाल्याचा पुरावा द्या’ हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. झाला असता तर तो कळला असता का, एवढंच ही व्याख्या विचारते. कागद हवा तो यासाठीच.

व्हीव्हीपॅट (व्होटर व्हेरिफायेबल पेपर ऑडिट ट्रेल) या नावातला घोळही इथलाच. चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसते. ती झाली मतदाराची पडताळणी. नावातला ‘ऑडिट’, म्हणजे निकालाची तपासणी, मात्र चिठ्ठ्या मोजल्याशिवाय होत नाही, आणि आपल्याकडचा वाद आहे तो याच शब्दाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चिठ्ठी आणायला सांगितली. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ मतदान केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. लढत चुरशीची असो वा एकतर्फी, आकडा ५ च. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून राज्यभर जी पद्धत चालते, तिच्यात मतांचा फरक जितका कमी तितके कागद जास्त तपासावे लागतात.

आपली यंत्रं वेगळी आहेत, नेटवर्कला जोडलेली नाहीत, हे खरंच. तरी २०१० मध्ये तिघा संशोधकांनी भारतीय यंत्र उघडून त्यातल्या उणिवा दाखवल्या, तेव्हा चर्चा सर्किटची कमी आणि यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातून बाहेर आलं कसं याचीच जास्त झाली. तिघांतल्या हैदराबादच्या अभियंत्याला अटकही झाली.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रांची मेमरी तपासून घेता येईल, असं सांगितलं. त्यासाठी निकालानंतर ७ दिवसांत अर्ज करायचा आणि खर्च उमेदवाराने भरायचा; छेडछाड निघाली तरच पैसे परत.