आधी पाणी थांबवण्याची सोय करा

घरच्या हरितगृहात पाणी आपोआप सुरू करणं फारसं कठीण नाही. एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला, प्रोग्रॅम करता येणारा छोटा संगणक), रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच), १२ व्होल्टचा छोटा पंप आणि ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी तोटी) जोडले की निम्मं काम झालं. खरी कसोटी पाणी वेळेवर थांबवण्यात असते.

ओलावा मोजायला दोन उघड्या धातूच्या दातांचा स्वस्त सेन्सर घेऊ नका. विजेमुळे ते दात ओल्या मातीत झिजतात आणि आकडे भरकटतात. कपॅसिटिव्ह सेन्सर, म्हणजे ज्याचा धातू मातीला थेट लागत नाही असा, टिकतो. फक्त त्याच्या पट्टीच्या कापीव कडा पाणी शोषतात, म्हणून तिथे नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि वरचा इलेक्ट्रॉनिक भाग मातीबाहेर ठेवा. सिग्नलची वायर ३२ ते ३५ पैकी एका पिनला लावा. सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारे दोन भाग (एडीसी) बोर्डात असतात; वाय-फाय चालू असताना त्यांतल्या दुसऱ्या एडीसीच्या पिनांवर भरवसा ठेवता येत नाही.

या सेन्सरचा आकडा माती ओली झाली की घटतो. कुंडी भरपूर भिजवा, निचरा होऊन वाफसा आला (जास्तीचं पाणी गेलं, ओल राहिली) की आकडा टिपा. पानं मलूल व्हायच्या बेतात आली की पुन्हा टिपा. समजा १५०० आणि २६०० आले, तर २२०० च्या वर गेल्यावर पाणी सुरू आणि १७०० च्या खाली आल्यावर बंद. दोन्हींसाठी एकच आकडा धरला तर रिले दिवसभर टकटक करत बसतो.

पाणी मुरायला वेळ लागतो. सेन्सरपर्यंत ओल पोचेस्तोवर पंप चालू ठेवला तर कुंडीच्या तळातून पाणी वाहू लागतं. म्हणून ताशी २ लिटरच्या ड्रिपरने ३ मिनिटं, म्हणजे १०० मिलिलिटर द्या, २० मिनिटं थांबा, मग पुन्हा मोजा. दिवसाच्या हप्त्यांनाही मर्यादा घाला. सेन्सर मातीतून उपटला गेला तर तो हवा मोजतो आणि यंत्रणेला कुंडी कायम कोरडीच वाटते.

प्रोग्रॅम अडकला तर? टाकीत दोन दिवसांपुरतंच पाणी ठेवा, म्हणजे पंप चालूच राहिला तरी तेवढंच वाहील. हा उपाय कुठल्याही कोडपेक्षा भरवशाचा. टाकीची पातळी ड्रिपरपेक्षा वर असेल तर पंप बंद झाल्यावरही वक्रनलिकेसारखं पाणी वाहतच राहतं. टाकीच्या आत, पाण्याच्या वर येणाऱ्या नळीला २ मिलिमीटरचं भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून थोडं पाणी टाकीतच उडेल, बंद झाला की हवा शिरून धार तुटेल. टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा फिरू नये म्हणून फ्लोट स्विचही (पाण्याची पातळी घटली की पंप बंद करणारा तरंगता स्विच) हवाच.

तापमानाचा सेन्सर उन्हात टांगला तर तो हवेऐवजी स्वतःचंच तापणं सांगतो. पांढऱ्या, हवेशीर आडोशात, झाडांच्या उंचीवर लावा. पंखा ३२ अंशांना सुरू, २९ ला बंद. समोरच्या बाजूला हवा आत यायला झडप नसेल तर तो नुसता घरघरतो.

आर्द्रतेचे टक्के एकटे पाहू नका. ६० टक्के आर्द्रतेला २० अंशांवर हवेतली बाष्पतूट (हवा आणखी किती बाष्प शोषू शकते त्याचं माप) साधारण ०.९ किलोपास्कल असते, ३० अंशांवर १.७. पहिल्या हवेत बहुतेक भाज्या खूश असतात, दुसरीत फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारं यंत्र) लागतो. संध्याकाळी मात्र फॉगर बंदच ठेवा. २५ अंशांना ७५ टक्के आर्द्रता निरुपद्रवी वाटते, पण तीच हवा २० अंशांवर आली की पानांवर दव धरतं आणि बुरशीला आयतं रान मिळतं. सूर्यास्ताच्या सुमारास पंखा १० मिनिटं चालवून ती दमट हवा बाहेर काढा.