चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

विरार लोकलच्या लेडीज डब्यापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एकच हिशोब फिरतो: दिवस राहायला नको असतील तर पाळी सुरू झाल्यापासून चौदावा दिवस जपायचा, बाकी बिनघोर. हा हिशोब 28 दिवसांच्या चक्राचा, तोही ढोबळ. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या 12 ते 16 दिवस आधी सुटतं. म्हणजे मोजायचं उलटं, आणि पुढची पाळी नेमकी कधी येणार हे आधी कुणाला ठाऊक? चक्र 24 दिवसांचं असेल तर बीज दहाव्या दिवसाच्या आसपासच सुटू शकतं. ते जेमतेम दिवसभर टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे पाळी नुकती संपलेली असताना, सहाव्या दिवशीच्या संबंधातूनही दिवस राहू शकतात. मूल हवं असणाऱ्यांचंही यात नुकसानच: चौदाव्याची वाट बघता बघता आधीचे मोक्याचे दिवस निघून जातात.