चिकन एन्चिलाडा

मिरचीच्या दाटसर सॉसमध्ये बुडवून काढलेल्या मक्याच्या टॉर्टियांत (पातळ, गोल पोळ्यांत) शिजवलेल्या कोंबडीचे सारण भरून, वर चीज, क्रीम आणि कच्चा कांदा घालून वाढला जाणारा मेक्सिकोतील घरगुती पदार्थ. तेथे तो न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत केव्हाही खाल्ला जातो. मात्र कुटुंबासाठी तो बेत आखून करायचा झाल्यास दुपारी दोन ते चारच्या सुमारास होणारे दिवसाचे मुख्य जेवण, म्हणजे ‘कोमिदा’, ही त्याची सोयीची वेळ असते. नावात कोंबडी असली तरी पदार्थाचा कस मक्यावर आणि मिरचीवर ठरतो. सारण बटाट्याचे, चीजचे किंवा घेवड्याचे असले तरी चालते, काही प्रकारांत ते जवळपास नसतेच. मिरचीत भिजलेली टॉर्टिया मात्र टाळता येत नाही. मैद्याच्या पोळीत कोंबडी गुंडाळून, वर चीजचा जाड थर देऊन भट्टीत भाजलेला जो पदार्थ अनेक उपाहारगृहांत या नावाने मिळतो, तो खरे पाहता बरीटोचा भाऊबंद आहे.

दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेओसिंते या रानगवतापासून मका माणसाळवला गेला. मिरचीही याच भूमीतली. मक्याची भाकरी मिरचीच्या वाटणाबरोबर खाण्याची रीत त्यामुळे स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीची आहे. युकातान द्वीपकल्पातील माया लोकांचा ‘पापाद्सुलेस’ हा पदार्थ या कुळातला जुना मानला जातो. त्यात टॉर्टिया भोपळ्याच्या बियांच्या हिरवट सॉसमध्ये बुडवून उकडलेल्या अंड्याभोवती गुंडाळतात आणि वर टोमॅटोचा सॉस घालतात. १५१९ ते १५२१ या काळात स्पॅनिश सैन्याने मध्य मेक्सिको जिंकला आणि त्यानंतर कोंबडी, डुकराची चरबी, गाईचे दूध, चीज, कांदा, लसूण व जिरे या स्वयंपाकघरांत शिरले. त्यापूर्वी घरोघरी पाळला जाणारा पक्षी म्हणजे टर्की. १८३१ मध्ये मेक्सिको सिटीत छापल्या गेलेल्या ‘एल कोसिनेरो मेहिकानो’ या पाककृतींच्या ग्रंथात एन्चिलाडांचा समावेश आहे. म्हणजे स्वतंत्र मेक्सिकोच्या पहिल्याच दशकात हा पदार्थ छापील पाकशास्त्रात पोहोचला होता. पारंपरिक मेक्सिकन पाककलेला युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

टॉर्टियाचे पीठ साध्या मक्याच्या पिठाहून वेगळे असते. वाळलेले दाणे खायच्या चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच ठेवतात. एक किलो मक्याला साधारण १० ग्रॅम चुना पुरतो. चुन्याच्या अल्कधर्मामुळे दाण्याचे टरफल सुटते, गर मऊ होतो आणि मक्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. मका युरोपात गेला, पण ही प्रक्रिया त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी मक्यावरच पोट भरणाऱ्या उत्तर इटलीतील व पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतील गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. चुन्यात शिजलेल्या या मक्याला ‘नीश्तामाल’ म्हणतात. तो धुऊन ओलाच वाटला की त्याची चिकट, लवचीक कणीक होते. हे वाटण शतकानुशतके ‘मेताते’ या तीन पायांच्या उतरत्या दगडी पाट्यावर गुडघे टेकून बायकाच करीत, आणि घरातल्या प्रत्येक तोंडाला पुरेल इतके वाटायचे म्हणजे दिवसाचे कित्येक तास त्यातच जात. मेक्सिकन स्वयंपाकाच्या गौरवात या कष्टांचा उल्लेख सहसा होत नाही, तो व्हायला हवा. विसाव्या शतकात गावोगावी यांत्रिक गिरण्या आल्या, तर १९४९ मध्ये नुएवो लेओन राज्यातील सेराल्वो येथे नीश्तामालचे कोरडे पीठ तयार करणारा कारखाना सुरू झाला. हे पीठ कोमट पाण्यात भिजवून पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवले की टॉर्टिया करता येतात, आणि आज मेक्सिकोबाहेरच्या घरांत एन्चिलाडा शक्य झाले ते मुख्यतः त्यामुळेच.

घरी करताना साधारण ३० ग्रॅमचा गोळा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून लाकडी किंवा लोखंडी दाबयंत्रात दाबतात. सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाची चकती तयार होते आणि ती ‘कोमाल’ या सपाट तव्यावर कोरडीच भाजतात. भारतात मिळणारे मक्याचे पिवळे पीठ यासाठी उपयोगी पडत नाही. त्यावर चुन्याची प्रक्रिया झालेली नसल्याने त्याची चकती वाकवताच चिरते आणि सॉसमध्ये विरघळते. एन्चिलाडासाठी टॉर्टिया आदल्या दिवशीच्या असाव्यात, कारण ताज्या टॉर्टियांत ओल जास्त असते, त्या तेल पितात आणि सॉसमध्ये फाटतात.

पदार्थाचा जीव सॉसमध्ये आहे. लाल सॉससाठी मध्य मेक्सिकोत बहुधा ‘ग्वाहियो’ ही गुळगुळीत सालीची, तांबडी, मध्यम तिखट वाळकी मिरची वापरतात आणि तिला जोड म्हणून ‘आंचो’ घेतात. आंचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो मिरची. ती रुंद, सुरकुतलेली व जवळजवळ काळसर असते, तिखट फारशी नसते आणि तिच्या चवीत सुक्या फळांचा गोडवा असतो. चार-पाच माणसांच्या जेवणाला, म्हणजे बारा ते पंधरा एन्चिलाडांना, आठ-दहा ग्वाहियो आणि दोन आंचो पुरतात. देठ व बिया काढून मिरच्या मंद तव्यावर काही सेकंदच परततात. येथे घाई करू नये आणि रेंगाळूही नये: मिरचीचा वास सुटला, साल किंचित फुगून रंग बदलला की ती लगेच उचलावी, कारण एक मिरची जरी करपली तरी साऱ्या सॉसला कडवटपणा येतो आणि तो साखरेने वा टोमॅटोने झाकला जात नाही. परतलेल्या मिरच्या कढत पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवतात. भिजवलेले पाणी कडवट वाटल्यास टाकून द्यावे व वाटताना कोंबडीचे पाणी घ्यावे. तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजलेले दोन टोमॅटो, पाव कांदा, दोन-तीन लसणीच्या पाकळ्या, चिमूटभर जिरे आणि मेक्सिकन ओरेगानो मिरच्यांबरोबर अगदी बारीक वाटून ते सारे गाळून घेतात. गाळणे टाळण्याचा मोह होतो. पण ग्वाहियोची साल चिवट असते, मिक्सरमध्येही तिचे कण उरतात आणि ते जिभेला लागतात.

गाळलेला सॉस तसाच वापरत नाहीत. दोन चमचे चरबी किंवा तेल चांगले तापवून त्यात तो एकदम ओततात. तो चरचरून उडतो, म्हणून भांडे खोलगट घ्यावे. आठ-दहा मिनिटे ढवळत शिजवल्यावर विटकरी रंग गडद लाल होतो, मिरचीचा कच्चा वास जातो आणि चव एकसंध होते. परदेशी पाककृतींत अनेकदा गाळली जाणारी पायरी हीच, आणि घरच्या व डब्यातल्या सॉसमधला फरक बहुतांशी तिच्यातच आहे. सॉस चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतपत दाट असावा. मीठ शेवटी घालावे, कारण कोंबडीचे पाणी व चीज दोन्ही खारट असतात.

हिरव्या प्रकारात वाळक्या मिरच्यांऐवजी ‘तोमातियो’ हे रसभरीच्या कुळातले, कागदी आवरणातले आंबट फळ आणि ताज्या सेरानो मिरच्या घेतात. तोमातियो पाण्यात उकळताना त्याचा पोपटी रंग मेंदीसारखा झाला की आच बंद करतात. फळे फुटू दिली तर आंबटपणा वाढतो. कांदा, लसूण व कोथिंबिरीबरोबर ते वाटले की फळातील पेक्टिनमुळे सॉस आपोआप दाटतो.

कोंबडीचे काम त्यामानाने सोपे आहे. हाडासकट साधारण पाऊण किलो तुकडे कांदा, लसूण, तमालपत्र आणि मीठ घातलेल्या पाण्यात मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे शिजवतात. पाणी खळखळा उकळू दिल्यास छातीचे मांस चोथट होते. तुकडे त्याच पाण्यात निवू द्यावेत आणि मग बोटांनी रेषारेषांत सोडवावेत. सारणात मसाला घालण्याची मराठी स्वयंपाकातली ओढ येथे आवरती घ्यावी: चार चमचे तयार सॉस आणि थोडे मीठ एवढेच त्याला पुरते, कारण सौम्य मांस आणि तिखट टॉर्टिया यांच्या विरोधावरच घासाची चव उभी असते.

मांडणीच्या वेळी शेगडीवर एका बाजूला कढत तेलाचा उथळ तवा आणि दुसऱ्या बाजूला गरम सॉसचे पसरट भांडे ठेवतात. टॉर्टिया चिमट्याने तेलात सोडून दोन्ही बाजूंनी काही सेकंदच ठेवतात. ती आधी ताठरते आणि लगेच मऊ पडते. मऊ पडण्याच्या त्या क्षणी तिला बाहेर काढायचे असते. आणखी राहिली तर ती कुरकुरीत होऊन गुंडाळताना मोडते, आणि तेलाचा टप्पाच वगळला तर सॉस तिच्यात शिरून दोन मिनिटांत लगदा होतो. तेल निथळवून तिला सॉसमध्ये दोन्ही बाजूंनी बुडवतात, ताटात पसरतात, मधोमध दोन चमचे कोंबडी ठेवून सैल गुंडाळतात आणि जोड खाली येईल असे ठेवतात. काही भागांत हा क्रम उलटा असतो: टॉर्टिया आधी न शिजवलेल्या मिरचीच्या वाटणात बुडवतात आणि मग तेलात सोडतात. या रीतीत तेल फार उडते व तवा माखतो, पण मिरची टॉर्टियाच्या अंगावरच तळली जात असल्याने तिची खमंग चव वेगळीच लागते.

प्रत्येक ताटावर तीन-चार एन्चिलाडा, त्यांवर थोडा गरम सॉस, कुस्करलेले केसो फ्रेस्को हे ताजे चीज, पातळ आंबूस क्रीम, कांद्याच्या चकत्या आणि बाजूला लेट्यूस, मुळ्याचे काप व परतून घोटलेला घेवडा असा थाट असतो. भट्टीची गरज नसते. घरात ते ताट तयार होईल तसे पुढे जाते. एक जण तेलाशी, दुसरा गुंडाळायला आणि मुले चीज भुरभुरवायला, अशी वाटणी झाली तर काम हलके होते. सर्वांनी एकाच वेळी जेवायला बसण्याचा आग्रह धरला तर पहिल्या ताटातल्या टॉर्टिया नरम पडतात, एवढी किंमत मोजावी लागते.

प्रांताप्रांतांत प्रकार बदलतात. सान लुइस पोतोसीत मिरची सॉसऐवजी थेट कणकेतच मळतात आणि चीज भरून अर्धगोल घडी घालतात. ग्वानाह्वातोच्या खाणभागातील ‘मिनेरास’वर बटाटे व गाजरे परतून घालतात, मिचोआकान राज्यातील मोरेलियाच्या ‘प्लासेरास’ संध्याकाळी चौकात तव्यावर होतात आणि त्यांच्यासोबत तळलेल्या कोंबडीचा तुकडा मिळतो, म्हणजे येथे कोंबडी आत नसून बाजूला असते. सॉस म्हणून मोले, म्हणजे मिरच्या व मसाल्यांचे दाट वाटण, घेतले तर ‘एनमोलादास’, घेवड्याचे वाटण घेतले तर ‘एनफ्रिहोलादास’ होतात. हिरवा सॉस, क्रीम आणि वितळलेले चीज असलेल्या ‘सुइसास’ या शहरी प्रकाराचे नाव मेक्सिको सिटीतील कासा दे लोस असुलेहोस या निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेल्या वाड्यातील सानबोर्न्स उपाहारगृहाशी जोडले जाते. भट्टीत चीज वितळवून वाढणे मेक्सिकोत रुळले आहे ते मुख्यतः याच प्रकारात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात टॉर्टिया गुंडाळण्याऐवजी एकावर एक रचून वर तळलेले अंडे ठेवतात, तर टेक्सासमध्ये पिवळे चीज आणि खिम्याचा जिरेदार रस्सा यांचा प्रकार रूढ आहे.

मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारातून गोव्याच्या किनाऱ्याने भारतात आली, त्यामुळे महाराष्ट्रात हा पदार्थ करू पाहणाऱ्याला निदान एका घटकासाठी दूर जावे लागत नाही. ग्वाहियोच्या जागी ब्याडगी मिरची रंगाला उत्तम साथ देते. तिचा गर पातळ असल्याने टोमॅटो थोडे वाढवावेत, आणि आंचोचा गोडवा हवा असल्यास दोन-चार काळे मनुके वाटणात घालावेत. संकेश्वरी किंवा लवंगी मिरची घेतल्यास सॉस नुसताच तिखटजाळ होतो. केसो फ्रेस्कोऐवजी मीठ व लिंबू लावून कुस्करलेले पनीर आणि क्रीमऐवजी थोड्या दुधात फेटलेला चक्का चालतो. तोमातियोला हिरवे टोमॅटो हा दुय्यमच पर्याय आहे, आणि टॉर्टियाच्या पिठाला तर पर्याय नाही. ते शहरांतील मोठ्या दुकानांतून आणावे किंवा मका चुन्यात शिजवण्याची तयारी ठेवावी. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सारे जिन्नस कोपऱ्यावरच्या लॅटिन अमेरिकन दुकानात मिळतात.

तयार एन्चिलाडा साठवून ठेवण्याजोगे नसतात. सॉस मात्र शीतकपाटात तीन-चार दिवस व गोठवून काही महिने राहतो, आणि कोंबडी आदल्या दिवशी शिजवून तिच्या पाण्यातच ठेवता येते. उरलेल्या टॉर्टियांचे त्रिकोणी तुकडे तळून त्याच गरम सॉसमध्ये घोळवले की दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला ‘चिलाकिलेस’ होतात.