कामाच्या ठिकाणी सोय हवी? दिव्यांग कर्मचाऱ्याचा अर्ज कसा करायचा

सरकारी भरतीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. रुजू झाल्यावर कामाच्या जागी सोय मागता येते, आणि ती लेखी मागावी, हे मात्र वर्षानुवर्षं नोकरी केलेल्यांनाही माहीत नसतं. ‘साहेबांना सांगून ठेवलंय’ एवढ्यावर भागवलं जातं. साहेबांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पात्रतेबाबत नेहमी एक गल्लत होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातली किमान ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, वाजवी सोयीसाठी, म्हणजे काम करता यावं म्हणून कामाच्या जागी मिळणाऱ्या सोयीसाठी, नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या निकालात, परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराच्या बाबतीत, हे स्पष्ट केलं आहे. प्रमाणपत्रावर ३० टक्के आहेत म्हणून कोणी अर्ज परत करू लागलं, तर या निकालाचा हवाला द्या.

सोबत काय जोडायचं? यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांसाठीचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत, कार्यालयाचं ओळखपत्र, आणि गरज असेल तर डॉक्टरांचं पत्र. कार्ड काढलेलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा देऊन अर्ज भरा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते.

खरी मेहनत अर्जाच्या मजकुरावर घ्या. ‘मला दृष्टिदोष आहे, तरी सहकार्य करावे, ही विनंती’ असं लिहिलं तर कार्यालयाने नेमकं काय करायचं? त्यापेक्षा असं लिहा: ‘परिपत्रकं स्कॅन करून येतात. स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लेखी ती नुसती चित्रं असतात, त्यामुळे मला वाचता येत नाहीत. मूळ टाइप केलेली फाइल मेलवर मिळावी आणि माझ्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बसवून द्यावं.’ काम कोणतं, अडतं कुठे, हवं काय, एवढं त्यात आलं पाहिजे. एनव्हीडीए मोफत आहे, हेही लिहून टाका. खर्चाचा मुद्दा तिथेच निकाली निघतो. कमी ऐकू येत असेल तर बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी मागा.

सरकारी कार्यालयात अर्ज कार्यालयप्रमुखाच्या नावे द्या. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख नि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. खासगी कंपनीत एचआरकडे आधी ‘समान संधी धोरणा’ची प्रत मागा. हे धोरण प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही हवी. अर्ज त्यांच्याकडे मेलने करा, म्हणजे पोच आपोआप राहते.

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतलं दुसरं पद द्यावं लागतं. तसं पद नसेल तर अधिसंख्य पदावर (मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या जादा पदावर) ठेवावं लागतं. कुणी राजीनामा लिहून द्यायला सांगितलं तर सही करू नका.

सोय नाकारली किंवा अर्ज नुसताच पडून राहिला, तर सरकारी आस्थापनेतल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर पुढे जिल्हास्तरीय समिती आहे. खासगी नोकरीतल्यांनी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जावं. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधितांनी काय कारवाई केली, हे तीन महिन्यांच्या आत कळवावं लागतं, आणि शिफारस मानली नसेल तर त्याची कारणं तक्रारदारालाही द्यावी लागतात.